न दिसणारे वळण



व्याख्यानाचा विषय कळवावा, असे चिटणिसांचे पत्र आले तेव्हा मी 'मोटारींच्या शर्यतीचा अनोळखी मार्ग चालक कसा शिकतो' एवढे लिहून पाठविले. दोन दिवसांनी ते स्वतःच घरी आले. काल संतवाङ्मय, उद्या सहकारी साखर कारखाने आणि मध्येच हे काय, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती. परंतु स्वभाव भिडस्त, म्हणून त्यांनी एवढेच विचारले, "यात शिकावयाचे काय आहे? रस्ता तर समोर दिसतोच की!" आजचे माझे व्याख्यान म्हणजे त्यांच्या या प्रश्नाला दिलेले लांबलचक उत्तर आहे. रस्ता समोर दिसत नाही, हीच तर सारी अडचण आहे.

थोडा हिशेब करू. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ५५ मीटर पुढे सरकते. समजा, पुढे एक वळण आहे आणि ते ताशी ८० च्या वेगानेच घेता येईल असे आहे. ब्रेक उत्तम, टायर नवे आणि रस्ता कोरडा असला तरी दोनशेवरून ऐंशीवर यावयाला सव्वाशे ते दीडशे मीटर लागतात. आता हे वळण एका चढाच्या माथ्यापलीकडे साठ मीटरांवर आहे आणि माथ्यावर पोचल्याखेरीज ते दिसतच नाही, असे धरा. ते दिसेपर्यंत जो थांबला तो कामातून गेला. ब्रेक दाबावयाचा तो वळण दिसण्याच्या पुष्कळ आधी. डोळ्यांपुढे नुसता चढ आणि त्यावर आकाश असते तेव्हा. बरे, प्रत्येक माथ्याअलीकडे ब्रेक दाबावा, तर पुढच्या एखाद्या माथ्यापलीकडे रस्ता बाणासारखा सरळ जात असतो आणि तेथे ब्रेक दाबणारा उगाच मागे पडतो. खालून पाहिले तर दोन्ही माथे जुळ्या भावांसारखे दिसतात. यांतला कोणता कोण, हे ज्याला पाठ झाले त्याला मार्ग येऊ लागला असे म्हणावयाचे.

आपल्याकडे घाटातून एस. टी. नेणारा जुना चालक हे नित्य करीत असतो. पावसाळ्यात आंबा घाटात धुके उतरले म्हणजे पुढचे दहा हात दिसत नाहीत. तरी तो योग्य जागी गिअर उतरवितो, योग्य जागी हॉर्न देतो, आणि शेजारी बसलेल्या कंडक्टरशी मुलीच्या लग्नाच्या गोष्टी करीत असतो. त्याचा वेग कमी असतो, एवढाच काय तो फरक. शर्यतीच्या चालकाला हेच ज्ञान फार थोड्या वेळात, पुष्कळदा दोन दिवसांत, मिळवावयाचे असते; आणि एखादी गोष्ट विसरली तर तिची किंमत फार मोठी पडते.

हे ज्ञान मिळवावे कसे, याचे जगातले सर्वांत अवघड उदाहरण म्हणजे जर्मनीच्या पश्चिम भागातील आयफेल नावाच्या डोंगराळ प्रदेशातला न्युर्बुर्गरिंग हा मार्ग. पहिल्या महायुद्धानंतर त्या भागात बेकारी फार होती. हातांना काम मिळावे म्हणून १९२५ साली न्युर्बुर्ग गावच्या जुन्या किल्ल्याभोवती हा रस्ता बांधावयास घेतला आणि जून १९२७ मध्ये तो खुला झाला. मोटारींची पहिली शर्यत रुडोल्फ काराचिओला या चालकाने जिंकली. उत्तरेकडचा मुख्य फेरा त्या काळी सुमारे २२.८ किलोमीटरांचा होता. पुढे १९८४ मध्ये शेजारी नवा छोटा मार्ग झाला, तेव्हापासून तो २०.८ किलोमीटरांचा आहे. त्यात अधिकृत मोजणीने ७३ वळणे आहेत. लहानसहान वाकणे धरली तर दीडशेच्या वर भरतात. सर्वांत खालची आणि सर्वांत वरची जागा यांत जवळजवळ तीनशे मीटरांचा चढउतार. भोवती दाट झाडी, त्यामुळे पुढचे वळण झाडांमागे आणि त्याच्या पुढचे टेकडीमागे. आजकालचे बहुतेक शर्यतीचे मार्ग पाच-सहा किलोमीटरांचे असतात. तेथे चालक तासाभरात पंचवीस-तीस फेरे करतो आणि प्रत्येक वळण तितक्या वेळा त्याच्या समोर येते. न्युर्बुर्गरिंगवर सामान्य मोटारीला एका फेऱ्यास दहा मिनिटे लागतात. चूक झालेले वळण पुन्हा यावयाच्या आत मध्ये बहात्तर वळणे होऊन गेलेली असतात; काय चुकले होते याची आठवण तोवर राहिली तर पाहिजे!

आणि गंमत अशी की, शर्यती नसतील त्या दिवशी पैसे भरून कोणालाही आपली मोटार या मार्गावर नेता येते. रस्ता एकेरी, डावीकडून पुढे जावयाचे, वेळ मोजावयास बंदी; बाकी सार्वजनिक रस्त्याचेच कायदे. कोलोनजवळच्या एका कारखान्यात मी काही वर्षे नोकरीस होतो. तेथील एका वयस्क फोरमनना या मार्गाचे वेड होते. त्यांनी त्यावर दोनशेच्या वर फेरे केले होते. "मला शिकवाल का?" असे मी विचारले तेव्हा त्यांनी मला एक नकाशा दिला आणि "आधी नावे पाठ करा," असे सांगितले.

पाठांतर हा आपला पिढीजात गुण. पंधरवड्यात मी सारी नावे क्रमाने घडाघडा म्हणू लागलो: हात्सेनबाख, फ्लुगप्लात्स, श्वेडेनक्रॉइत्स, आरेम्बेर्ग, फुक्सर्योरे, आडेनाउअर फोर्स्ट... कोणते वळण डावे, कोणते उजवे, तेही पाठ. एका रविवारी सकाळी मी त्यांच्याच गाडीच्या स्टिअरिंगमागे बसलो, ते शेजारी बसले आणि आम्ही निघालो. दुसऱ्याच मिनिटाला माझी मोजणी चुकली. नकाशा आकाशातून पाहिलेला असतो आणि रस्ता पाहावयाचा तो जमिनीपासून चार फुटांवरून! नकाशात जे ठसठशीत वळण होते ते प्रत्यक्षात कळलेही नाही. आणि नकाशात रेघ जेथे जेमतेम वाकली होती तेथे माझ्या हातांना घाम सुटला. नकाशात चढउतार नव्हता, माथे नव्हते, झाडीतला अंधार नव्हता.

फुक्सर्योरे म्हणजे 'कोल्ह्याचा नळ'. येथे रस्ता झाडीतून मोठ्या उतारावर सुसाट खाली जातो, तळाशी गाडी अशी दाबली जाते की पोटात गोळा येतो, आणि लगेच समोरची टेकडी चढू लागतो. या चढाच्या वर, माथ्याआड, आडेनाउअर फोर्स्ट हे डावे-उजवे असे जोडवळण लपून बसले आहे. मला नाव पाठ होते, वळण पाठ होते. पण त्या चढावर मी आलो तेव्हा माझ्या मनात अजून मागचेच वळण चालू होते. फोरमन काही तरी म्हणाले, ते मी ऐकले नाही. डावीकडचे वळण दिसले तेव्हा वेळ निघून गेली होती. गाडी सरळ जाऊन पलीकडच्या गवतात उभी राहिली. इजा कोणासही झाली नाही. तेथल्या बांधावर वीस-पंचवीस माणसे खाद्यपदार्थांचे डबे घेऊन बसली होती. त्यांनी टाळ्या वाजविल्या. नवखे लोक या जागी हटकून गवतात जातात आणि ते पाहावयासाठी लोक मुद्दाम तेथे येऊन बसतात, ही माहिती मला नंतर मिळाली.

परतताना फोरमन रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "त्या चढावर तुम्ही कशाकडे पाहत होता?" मी म्हटले, "रस्त्याकडे." ते म्हणाले, "रस्त्याकडे सगळेच पाहतात. कशाकडे?" या प्रश्नाचे उत्तर मला देता येईना, आणि माझे खरे शिक्षण तेथून सुरू झाले.

ते सांगण्यापूर्वी वळणाचे शास्त्र दोन शब्दांत सांगणे अवश्य आहे. वळणावर मोटारीला आत ओढून धरणारी शक्ती म्हणजे टायरांची रस्त्यावरील पकड. ही पकड गाडीच्या वजनाइतकी आहे असे धरले तर ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ८० किलोमीटर हा वेगाचा कळस होतो. त्याहून अधिक वेग असेल तर गाडी बाहेर घसरते, मग चालक कितीही शूर असो. वेग वाढवावयाचा तर त्रिज्या वाढविली पाहिजे. रस्ता तर आहे तोच. परंतु रस्त्याला रुंदी असते. दहा मीटर रुंदीच्या रस्त्यावर काटकोनी वळण आहे असे समजा. मध्यातून जाणाऱ्या गाडीला ५० मीटर त्रिज्या मिळते. तीच गाडी बाहेरच्या कडेने वळणात शिरली, मध्यावर आतल्या कडेला टेकली आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघाली तर, गाडीची रुंदी वजा करूनही, तिचा मार्ग सुमारे ७३ मीटर त्रिज्येचा होतो. वेग ताशी ८० ऐवजी ९६! पै खर्च न करता, इंजिनाला हात न लावता सोळा किलोमीटरांची कमाई. सायकलवरची पोरे हे कोणी न शिकविता करतात. आपण मोठी माणसे ते विसरतो, आणि सार्वजनिक रस्त्यावर समोरून वाहने येत असल्याने विसरतो तेच बरे.

आता यातून एक प्रश्न निघतो, आणि मार्ग शिकणे म्हणजे काय ते या प्रश्नात आहे. आतल्या कडेला टेकावयाचे ते नेमके कोठे? लवकर टेकले तर पुढे रस्ता संपतो आणि गाडी बाहेर जाते. ती जागा वळणाच्या सुरुवातीकडे पाहून ठरत नाही. वळण संपल्यावर रस्ता कोणीकडे जातो, यावरून ठरते. पुढे लांब सरळ रस्ता असेल तर अलीकडे थोडा वेग सोडूनही बाहेर पडताना गाडी सरळ आणि मोकळी हवी; कारण वळणातून ताशी पाच किलोमीटर अधिक वेगाने बाहेर पडलात तर ते पाच किलोमीटर सरळ रस्त्यावर दूरपर्यंत साथ देतात. न्युर्बुर्गरिंगच्या शेवटी दोन किलोमीटरांहून लांब सरळ रस्ता आहे. त्याच्या अलीकडचे वळण बिघडले तर दोन किलोमीटर दंड भरावा लागतो. म्हणून शहाणा चालक सगळी वळणे सारख्या कष्टाने शिकत नाही. लांब सरळ रस्त्याकडे नेणारी वळणे तो आधी शिकतो. एकामागोमाग एक वळणे गुंफलेली असतील तर शेवटच्या वळणापासून उलट मागे हिशेब करीत येतो आणि पहिले वळण शेवटच्यासाठी मुद्दाम संथ घेतो. आपला ख्यालगायक तान घेतो तेव्हा सम कोठे आहे ते त्याच्या मनात आधीपासून असते; तो समेपासून मागे मोजूनच उचल करतो. ज्याला सम ठाऊक नाही तो कितीही गोड गायला तरी पुढे जाऊन आपटतो.

तेव्हा अनोळखी मार्गावर आलेला चालक प्रथम काय करतो? पायी चालतो. हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण कोट्यवधींची यंत्रे जवळ असलेले आजचे चालकही शर्यतीआधी मार्ग पायी फिरून पाहतात. रस्त्याचा उतार आत आहे की बाहेर, डांबर कोठे नवे आणि कोठे जुने, पाणी कोणत्या बाजूने वाहते, हे चाकामागून कळत नाही, पायांना कळते. यातही एक खोच आहे. शर्यतीच्या मोटारीत चालकाचे डोळे जमिनीपासून मीटरभरही उंच नसतात. उभ्या माणसाला माथ्यापलीकडचे जे दिसते ते त्याला दिसणार नसते. म्हणून जाणते लोक वळणापाशी चक्क उकिडवे बसून पाहतात. फोरमननी मला असेच बसविले होते. आडेनाउअर फोर्स्टच्या चढाचे छायाचित्र त्यांनी मोटारीतल्या डोळ्यांच्या उंचीवरून काढून ठेवले होते. ते घेऊन आम्ही कारखान्याच्या उपाहारगृहात दोघेही टेबलाच्या कडेशी हनुवट्या टेकून पाहत बसलो. इतर मंडळींनी त्यावरून काय तर्क केले असतील ते असोत.

त्यानंतर खुणा ठरवावयाच्या. 'कशाकडे पाहत होता?' या प्रश्नाचे उत्तर हे. ब्रेक कोठे दाबावयाचा, स्टिअरिंग कोठे वळवावयाचे, आत कोठे टेकावयाचे, बाहेर कोठे निघावयाचे, या प्रत्येकासाठी जागेवरून न हलणारी वस्तू हवी: कठड्याचा जोड, डांबराचा डाग, खांब, झाड. सावलीची खूण करणारा दुपारी फसतो. उभ्या असलेल्या टेम्पोची खूण करणाऱ्याचे काय होते ते सांगावयास नको. याच मार्गावर कारुसेल नावाचे, जवळजवळ मागे फिरविणारे मोठे वळण आहे. चढावरून येताना ते मुळीच दिसत नाही. त्यावर शिरताना सर्वांत उंच झाडाच्या रोखाने गाडी सोडावी, असा सल्ला हुआन मान्युएल फांजिओ नवख्यांना देत असत, असे सांगतात. वळणाच्या आतल्या बाजूला पूर्वी पाणी वाहून जाण्यासाठी तिरपा चर होता. काराचिओलांनी त्या चरातच आतली चाके घालून गाडी वळविण्याची युक्ती रूढ केली. चराचा कड गाडीला घसरू देईना. पुढे तो चर काँक्रीटचा झाला आणि आज सगळे त्यातूनच जातात. मार्ग शिकणारा कधी कधी मार्गच बदलून ठेवतो, तो असा.

खुणा ठरल्या म्हणजे मार्गाचे तुकडे पाडावयाचे. तेथील शिक्षणवर्गांत एकच तुकडा पुन्हा पुन्हा चालवून घेतात आणि मग तुकडे जोडतात. आपल्या पाठशाळांतून संहिता शिकविताना हेच करीत आले आहेत. एक खूण दिसली की पुढची कोठे ते हात आपोआप जाणतात. नजर मात्र नेहमी एक खूण पुढे असावी लागते. मागच्या चुकीचा विचार करणारा पुढच्या वळणाला अंध होतो, हे मी गवतात उभा राहून शिकलो. रात्री डोळे मिटून, हातात घड्याळ घेऊन सारा फेरा मनात चालवावयाचा, हा मोठ्या चालकांचाही नेम असतो. मनातल्या फेऱ्याला लागलेला वेळ आणि खऱ्या फेऱ्याचा वेळ जुळू लागला म्हणजे पाठ झाले. माझ्या पहिल्या मनातल्या फेऱ्याला साडेचार मिनिटे लागली. म्हणजे निम्मा रस्ता मनात नव्हताच.

मार्ग पाठ करण्यासारखा नसेल तर? १९५५ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला इटलीतील मिले मिलिया या शर्यतीत तसाच प्रसंग होता. ब्रेशा शहरातून निघून रोमला वळसा घालून परत ब्रेशा. जवळजवळ सोळाशे किलोमीटर, आणि सगळे सार्वजनिक रस्ते. इतकी वळणे कोणाच्या डोक्यात मावणार? स्टर्लिंग मॉस या इंग्रज चालकाने डेनिस जेन्किन्सन या दाढीवाल्या पत्रकाराला सोबत घेतले. दोघांनी आधी तो मार्ग पुनःपुन्हा पालथा घातला. जेन्किन्सननी धोक्याच्या जागांची टिपणे सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या कागदी पट्टीवर उतरविली आणि ती पट्टी गुंडाळीच्या डबीत बसविली. शर्यतीत ते डबी फिरवीत, पुढची टीप वाचीत आणि हाताने खूण करीत, कारण इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू जाणे शक्यच नव्हते. खूण झाली की मॉस न दिसणाऱ्या माथ्यावरून पूर्ण वेगाने गाडी सोडीत. १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत, ताशी सुमारे १५७ किलोमीटरांच्या सरासरीने त्यांनी शर्यत जिंकली. त्याच कंपनीच्या तशाच मोटारीतून एकटे गेलेले फांजिओ दुसरे आले, अर्ध्या तासाहून अधिक मागे. त्यांच्या मोटारीत वाटेत बिघाड झाला होता, हेही सांगितले पाहिजे. तरी त्या पट्टीचे मोल कमी होत नाही. मला यात विशेष वाटते ते जेन्किन्सनचे. मॉस निदान आपल्या हातांनी गाडी चालवीत होते. हा गृहस्थ मान खाली घालून कागद वाचीत होता, आणि एक ओळ चुकली असती तर दोघांचाही शेवट होता.

याच फांजिओंनी दोन वर्षांनी, ४ ऑगस्ट १९५७ रोजी, न्युर्बुर्गरिंगवर जे केले ते मोटारशर्यतीच्या इतिहासात अजून सांगतात. त्यांचे वय ४६. मार्ग त्यांना तोंडपाठ. तेथली जर्मन ग्रां प्री त्यांनी १९५४ आणि १९५६ मध्ये जिंकलेली. बावीस फेऱ्यांच्या शर्यतीत त्यांनी टाकी अर्धीच भरून निघावे, गाडी हलकी ठेवून आघाडी घ्यावी आणि मध्ये थांबून पेट्रोल व टायर घ्यावेत, असा बेत होता. बाराव्या फेऱ्याअखेर २८ सेकंदांची आघाडी घेऊन ते थांबले. परंतु काम रेंगाळले आणि ते पुन्हा निघाले तेव्हा हॉथॉर्न व कॉलिन्स हे दोघे इंग्रज चालक त्यांच्या पाऊण मिनिटाहून अधिक पुढे निघून गेले होते. राहिले दहा फेरे. या दहा फेऱ्यांत फांजिओंनी तेथला वेगाचा विक्रम पुनःपुन्हा मोडला. शर्यतीपूर्वी वेळ नोंदविताना ९ मिनिटे २५.६ सेकंद हा त्यांचा सर्वांत जलद फेरा होता. विसाव्या फेऱ्याला त्यांना ९ मिनिटे १७.४ सेकंद लागले. एकविसाव्या फेऱ्यात त्यांनी दोघांनाही मागे टाकले आणि साडेतीन सेकंदांच्या फरकाने शर्यत जिंकली. एरवी ज्या वळणांवर ते खालचा गिअर घेत तेथे त्या दिवशी वरचाच गिअर ठेवून गेले, असे त्यांनी पुढे सांगितले. आपण पूर्वी कधी असे चालविले नव्हते आणि पुन्हा कधी चालविणार नाही, असेही ते म्हणत. ती त्यांची जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतली शेवटची जिंकलेली शर्यत ठरली.

आठ सेकंदांचा हा फरक मला विचारात पाडतो. ज्याला मार्ग तोंडपाठ आहे अशा माणसालाही त्याच रस्त्यात, त्याच मोटारीत आणखी आठ सेकंद सापडली. ती इतकी वर्षे होती कोठे? फांजिओंनी स्वतःसाठी राखून ठेवलेल्या सुरक्षिततेत होती, असे मला वाटते. वळण येणे आणि वळणाच्या कडेची शेवटची वीत येणे, यांत जे अंतर असते ते शहाणा माणूस रिकामे ठेवतो. त्या दिवशी त्यांनी ते खर्च केले, आणि नंतर त्याचीच धास्ती घेतली.

कारण या मार्गावर न शिकता येण्याजोग्या गोष्टी पुष्कळ आहेत. तेथे एका टोकाला ऊन तर दुसऱ्या टोकाला पाऊस, हे नित्याचे. १९६८ मध्ये जॅकी स्ट्युअर्ट या स्कॉटिश चालकाने दुखऱ्या मनगटाने, पावसात आणि दाट धुक्यात तेथे शर्यत जिंकली; दुसऱ्या क्रमांकाचा चालक चार मिनिटांनी मागून आला. असा पराक्रम करणारा हाच माणूस शर्यतींतील सुरक्षिततेसाठी सर्वांत मोठ्याने भांडला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९७६ साली निकी लाउडा यांनी या मार्गावर पुरेसे अग्निशामक व मदतनीस ठेवणे अशक्य असल्याने शर्यत होऊ नये, असे चालकांपुढे मांडले होते. मत त्यांच्याविरुद्ध पडले. वर्षभरापूर्वी हाच मार्ग सात मिनिटांच्या आत पुरा करणारे ते पहिले चालक होते. मार्ग येत नाही म्हणून भितात, असे त्यांना कोणी म्हणू शकत नव्हते. १ ऑगस्टला बेर्गवेर्क या वळणाच्या अलीकडे त्यांची गाडी घसरून पेटली. मागून आलेल्या चालकांनीच त्यांना आगीतून ओढून काढले. सहा आठवड्यांत ते पुन्हा शर्यतीत उतरले. परंतु त्या प्रतीची जागतिक शर्यत त्या जुन्या लांब मार्गावर पुन्हा झाली नाही.

आज या शिक्षणात एक नवे साधन आले आहे. मार्गाची इंचन् इंच मोजणी करून त्याची हुबेहूब प्रतिकृती संगणकात उतरवितात आणि चालक खोलीत बसून, पडद्यासमोर, शेकडो फेरे मारतो. क्रम, खुणा, गिअर हे सारे तो घरीच पाठ करून येतो. माझा पंधरवडा ज्यात वाया गेला ती नकाशाची अडचण यामुळे पुष्कळ दूर झाली. तथापि पडद्यावर चढ सपाट भासतो आणि पोटात गोळा येत नाही. २०११ मध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे बुद्ध सर्किट या नव्या मार्गावर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. मार्ग सगळ्यांनाच नवा, तेव्हा चालक अशी तयारी करून आले होते. पहिल्याच सरावात एक कुत्रे मार्गावर आले आणि लाल निशाण दाखवून सगळ्यांना थांबवावे लागले. संगणकातल्या मार्गावर कुत्रे नव्हते.

फोरमनबरोबर मी त्या मार्गावर एकूण एकोणीस फेरे केले. आडेनाउअर फोर्स्टला पुन्हा गवतात गेलो नाही. शेवटच्या दिवशी निम्मे फेरे त्यांनी चालविले आणि मी शेजारी बसलो. रस्ता कोरडा होता, ऊन पडले होते, आणि एका मोकळ्या उतारावर, जेथे मला एव्हाना सगळ्या खुणा येत होत्या, त्यांनी माझ्या खुणेच्या बऱ्याच आधी पाय काढून घेतला. मी विचारले, "येथे का?" त्यांनी हनुवटीने दूर समोर दाखविले. पुढच्या टेकडीवर ब्रुन्शेनच्या वळणापाशी बसलेल्या लोकांनी छत्र्या उघडल्या होत्या.